गच्चीवर छत्री एक, खाली टीव्ही अनेक: क्वाड एलएनबी घ्यावा की मल्टिस्विच?

सांगलीच्या गावभागातल्या आमच्या घरावर दोन वर्षांपूर्वीपर्यंत चार छत्र्या होत्या. एक आईची, दोन मागच्या खोल्यांतल्या भाडेकरूंची आणि एक दादाची. वहिनी म्हणायची, पापड वाळत घालायचे कुठे? तिचं बरोबर होतं. त्याच सुमारास आत्तेभाऊ विश्रामबागेत घर वाढवत होता. वालचंद कॉलेजच्या मुलांना द्यायच्या सहा खोल्या आणि स्वतःचे दोन टीव्ही, म्हणजे एकूण आठ. दोघांनी एकत्र चौकशी केली आणि शेवटी उत्तरं मात्र वेगवेगळी निघाली. तुम्ही याच पेचात असाल तर दोन्ही घरांचा हिशोब मांडतो.

आधी एक गोष्ट समजून घ्यायला हवी, नाहीतर दुकानदार सांगेल ते घेऊन याल. छत्रीवरचा एलएनबी, म्हणजे दांडीच्या टोकाला बसवलेला सिग्नल पकडणारा भाग, आकाशातला सगळा माल एकदम वायरीत सोडत नाही. त्या मालाचे चार भाग असतात: उभं ध्रुवीकरण, आडवं ध्रुवीकरण (म्हणजे लहरी कुठल्या दिशेने हलतात ते) आणि या प्रत्येकाचे लो बँड व हाय बँड, म्हणजे कमी आणि जास्त वारंवारतेचे पट्टे. तुम्ही चॅनेल बदलता तेव्हा बॉक्स वायरीतूनच वर निरोप धाडतो. 13 व्होल्ट म्हणजे उभं, 18 व्होल्ट म्हणजे आडवं. सोबत 22 किलोहर्ट्झचा सूर असेल तर हाय बँड, नसेल तर लो. एका वायरीत एका वेळी चारांतला एकच भाग उतरतो. खालून दोन बॉक्सनी एकाच वायरीवर दोन वेगळे निरोप धाडले तर एकाचंच चालणार. पुढची सगळी निवड या एका अडचणीभोवती फिरते.

सगळ्यात स्वस्त उपाय स्प्लिटर. आमच्याकडे पहिल्यांदा तोच लागला. छत्रीवाल्याने आईच्या खोलीबाहेर एक छोटा स्प्लिटर लावून दिला आणि तिन्ही टीव्ही सुरू झाले. रात्री नऊला भाडेकरू दारात, "काका, चित्र गेलं." सकाळी सगळं ठीक. हे चार दिवस चाललं, मग उलगडा झाला. त्या स्प्लिटरच्या एकाच तोंडातून एलएनबीला वीज जात होती आणि ते तोंड आईच्या बॉक्सचं. आई सह्याद्रीवरच्या बातम्या संपल्या की भिंतीवरचं बटण बंद करून झोपते. तिचं बटण बंद, की सगळ्या घराची छत्री आंधळी! सगळ्या तोंडांतून वीज जाऊ देणारे स्प्लिटर मिळतात, पण चार तोंडांच्या स्प्लिटरमध्ये सिग्नल 7 ते 8 डेसिबलने उतरतो आणि 13-18 चं भांडण तसंच राहतं. बॉक्सच्या मेनूत ट्रान्सपॉन्डरची, म्हणजे चॅनेल वाहून आणणाऱ्या उपग्रहाच्या वाहिन्यांची, यादी उघडून बघा. तुमची सगळी चॅनेल एकाच अक्षरावर, व्ही (उभं) किंवा एचवर (आडवं), आणि एकाच बँडमध्ये असतील तर दोन टीव्हींपुरता असा स्प्लिटर चालून जाईल. त्यापुढे नको.

आता क्वाड एलएनबी. याच्या पोटातच स्विच असतो. चार तोंडं, चारही स्वतंत्र, प्रत्येकाला आपली वायर आणि आपला बॉक्स. जास्तीची पेटी नाही, वेगळी वीज नाही, कारण प्रत्येक बॉक्स आपल्या वायरीतून वीज पाठवतो. आईने बटण बंद केलं तर फक्त आईचा टीव्ही बंद. आमचे तीन टीव्ही फ्री डिशवर, म्हणजे दूरदर्शनच्या बिनपैशाच्या सेवेवर, म्हणून आम्ही क्वाड घेतला आणि चौथं तोंड रबरी टोपण लावून राखून ठेवलं. खर्च शेकड्यांत आटोपला. खरं काम वायरी ओढण्याचं होतं.

दादाची छत्री मात्र राहिली. त्याची जोडणी पैशाची, दुसऱ्या उपग्रहावरची. फ्री डिश 93.5 अंश पूर्वेच्या जीसॅट-15 वरून येते. सांगलीतून छत्री आग्नेयेकडे तोंड करून क्षितिजापासून साधारण 60 अंश वर धरावी लागते. डिश टीव्ही 95 अंशांवर, एअरटेल 108.2 वर. एका साध्या एलएनबीला दोन उपग्रह सांभाळता येत नाहीत. दोन उपग्रह घेणारे मोठे मल्टिस्विच असतात, पण एका दादासाठी एवढा खटाटोप कोण करणार?

आत्तेभावाकडे आठ बॉक्स, तेही पैशाच्या जोडणीचे. क्वाड तिथे अपुरा. आठ तोंडांचा ऑक्टो एलएनबी असतो, पण आम्हाला सांगलीत तो मिळाला नाही. मिळाला असता तरी छत्रीच्या दांडीवरून आठ वायरी लोंबणार, आणि सगळं इलेक्ट्रॉनिक काम एप्रिलच्या उन्हात. म्हणून त्याने क्वाट्रो एलएनबी आणि मल्टिस्विच घेतला.

इथे नावांचा घोळ आहे, नीट वाचा. क्वाड आणि क्वाट्रो या दोन वेगळ्या वस्तू. क्वाट्रोलाही चारच तोंडं, पण प्रत्येकावर वर सांगितलेल्या चार भागांपैकी एकेक कायमचा. क्वाट्रोची वायर थेट बॉक्सला जोडली तर चॅनेलचा चौथा हिस्साच दिसेल आणि तुम्ही बॉक्सला शिव्या द्याल. त्या चार वायरी मल्टिस्विचमध्ये जातात. पाचवं तोंड साध्या अँटेनासाठी असतं. आतून आठ, बारा, सोळा वायरी निघतात. कुठला बॉक्स काय मागतोय ते पेटी ऐकते आणि तो भाग त्याच्या वायरीत सोडते. गच्चीवरून खाली चारच वायरी, पुढची वाटणी घराच्या आत.

दुसरा घोळ दुकानातला. मल्टिस्विच मागितला की बऱ्याचदा हातात डायसेक स्विच ठेवतात, "हाच तो, चार पोर्टचा" म्हणत. तो नेमका उलटा! चार एलएनबी एका बॉक्सला जोडण्यासाठी असतो तो. पेटीवर 5×8 असं काही छापलेलं नसेल तर पैसे काढू नका.

मल्टिस्विचची दुखणीही सांगायला हवीत. ॲडॉप्टरवर चालणारी पेटी असेल आणि तिची लाइट गेली तर आठही टीव्ही गेले, मग खोल्यांत इन्व्हर्टर असो वा नसो. आत्तेभावाने पेटीची लाइन इन्व्हर्टरवर घेतली. बाजारातले क्वाट्रो युनिव्हर्सल एलएनबीच्या हिशोबाने बनतात, म्हणजे लोकल ऑसिलेटर (वरचा सिग्नल वायरीला झेपेल अशा वारंवारतेवर उतरवणारा आतला भाग) 9750 आणि 10600 मेगाहर्ट्झचा. तुमच्या कंपनीच्या छत्रीवर वेगळ्या जातीचा एलएनबी असेल तर आधी कंपनीला विचारा. फ्री डिशवाल्यांनी तर थांबूनच विचार करावा. तिथली सगळी चॅनेल 11700 मेगाहर्ट्झच्या खाली, लो बँडमध्ये येतात, म्हणजे निम्मा मल्टिस्विच रिकामाच राहणार.

आणि मल्टिस्विचने महिन्याचं बिल कमी होत नाही. तो फक्त सिग्नल वाटतो; प्रत्येक बॉक्सचं कार्ड आणि रिचार्ज वेगळंच. 2020 साली ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, दुसऱ्या टीव्हीपासूनची नेटवर्क फी पहिल्याच्या 40 टक्क्यांवर नको असं ठरवलं होतं. 2024 मध्ये या फीचा आकडा कंपन्यांवर सोडला. तेव्हा एकाच घरच्या टीव्हींना काय लावणार ते विचारूनच जोडणी घ्या.

एकाच वायरीवरून अनेक बॉक्स चालवणारी युनिकेबल ही तिसरी वाट. जुन्या मानकात एका वायरीवर आठ, नव्यात बत्तीसपर्यंत. भिंतीत आधीच एकच पाइप टाकून झाला असेल तर हीच सोय. पण बॉक्सच्या मेनूत तो पर्याय असायला हवा. एक बॉक्स आणि एचडीएमआय स्प्लिटरही लोक लावतात. मग सगळ्या घराने आईबरोबर सह्याद्रीच बघायचा.

दोन्ही घरांत वायर आरजी-6 वापरली. शंभर मीटरला 1000 मेगाहर्ट्झवर सुमारे 20 डेसिबल जातात, 2150 वर 30 च्या आसपास; घरातल्या वीस-तीस मीटरला काही होत नाही. कनेक्टर मात्र घट्ट बसवून घ्या आणि गच्चीवरच्या जोडावर पाणी न शिरू देणारी टेप लावा. पावसात चित्र फुटण्यावर मल्टिस्विच हे औषध नाही. महाबळेश्वर-पाटणकडे राहत असाल तर पैसे मोठ्या छत्रीत घाला.

पेटी कुठे ठेवायची यावर आम्ही सगळ्यात जास्त भांडलो. आत्तेभाऊ म्हणत होता तळमजल्यावर, मीटरशेजारी. ऑगस्ट 2019 मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी 57 फुटांच्या वर गेलं तेव्हा आमच्या खालच्या पॅसेजमधले सगळे जोड पाण्यात होते. विश्रामबाग नदीपासून लांब आहे, हे त्याचं खरं. तरी शेवटी पेटी जिन्यावरच्या खोलीत गेली, उन्हापासून दूर, हाताला येईल अशा उंचीवर.

थोडक्यात माझं मत विचाराल तर टीव्ही मोजू नका, आधी वायरी मोजा. चारपर्यंत टीव्ही आणि गच्चीवरून प्रत्येकाला सरळ वायर येत असेल तर क्वाड, डोळे झाकून. पाच किंवा जास्त, किंवा आज चार आणि उद्या भाडेकरू वाढणार असतील तर मल्टिस्विच. परवा आत्तेभावाचा फोन आला, गच्चीवर आणखी एक खोली काढतोय, म्हणजे नववा टीव्ही. सुदैवाने त्याची पेटी पुढे दुसरी पेटी जोडता येणारी आहे. घेतानाच ती तशी घेतली नसती, तर आता सोळा तोंडांची नवी आणावी लागली असती आणि आठची माळ्यावर गेली असती.