लेबल एकाचे, पावडर दुसरीच: .३०-३० च्या खरेदीत झालेली फसवणूक

अमेरिकेत राहणारे आणि लिव्हर-ॲक्शन (खालची कडी ओढून काडतूस चढवायच्या) रायफलची काडतुसे घरी भरणारे मराठी लोक थोडे आहेत, पण आहेत. त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहीत आहोत. .३०-३० विंचेस्टर या काडतुसासाठी केलेल्या एकाच खरेदीत पावडर (काडतुसातली दारू), गोळ्या आणि चार्जचा (एका काडतुसात भरायच्या पावडरच्या मापाचा) तक्ता अशा तिन्ही बाबतींत फसवणूक झाली. काडतूस झाडण्याआधी ती लक्षात आली म्हणून इजा झाली नाही. पैसे मात्र परत मिळाले नाहीत.

व्यवहार गन शोमधल्या एका टेबलावर झाला. विक्रेत्याने सांगितले की एका वारलेल्या नातेवाइकाच्या गॅरेजमधले सामान काढतोय. एका पौंडाच्या चार बरण्या, वर लेव्हरेव्होल्यूशन पावडरचे लेबल. सोबत १७० ग्रेनच्या (ग्रेन हे वजनाचे छोटे माप) चपट्या नाकाच्या ५०० गोळ्यांची पिशवी. दुकानात पौंडाला याहून बरेच जास्त पडतात, इथे मागितले ३० डॉलर. ‘आठ पौंडांचा मोठा डबा होता, तो वाटून भरला,’ हे स्पष्टीकरण त्याने न विचारताच दिले. खरे तर व्यवहार तिथेच थांबवायला हवा. पावडर कारखान्याच्या डब्यातून बाहेर निघाली की तिची ओळख संपते, मग ती कुणीही, कितीही प्रामाणिकपणे वाटून भरलेली असो.

बरणीत काय होते ते नीट समजून घ्या, कारण नुसत्या नजरेने ते कळले नसते. झाकणाखाली सील नव्हते. लेबलावर लॉट नंबर नव्हता, आणि कडेला नखाने खरवडल्यावर खालून दुसऱ्या लेबलाचा कागद दिसला. चिमूटभर पावडर पांढऱ्या कागदावर पसरून भिंगातून पाहिली तेव्हा दोन आकार दिसले: बारीक गोल दाणे आणि त्यांच्यात मिसळलेल्या आखूड कांड्या. लेव्हरेव्होल्यूशन ही गोल दाण्यांची पावडर आहे, तिच्यात कांडी असायचे कारणच नाही. म्हणजे निदान दोन पावडरी एकत्र झाल्या होत्या. अशा मिश्रणाचा दाब किती येईल हे कोणतेही मॅन्युअल सांगू शकत नाही.

याचा उलटा अर्थ कुणी काढू नये. सगळे दाणे गोल आहेत म्हणून पावडर खरी, असे अजिबात नाही. एच११० ही पावडरसुद्धा बारीक गोल दाण्यांची असते. ती .४४ मॅग्नमसारख्या काडतुसासाठी बनवलेली, बरीच जलद जळणारी पावडर आहे. .३०-३० च्या पुंगळीत (काडतुसाच्या पितळी नळीत) रायफल पावडरच्या मापाने, म्हणजे तीसेक ग्रेन, ती भरली तर रायफल फुटेल आणि मागे उभ्या माणसाचा चेहरा समोरच असेल. भिंग खोटी पावडर पकडू शकते, पण खरी असल्याची खात्री देऊ शकत नाही. रंग आणि वासाचेही तसेच. एकमेव अपवाद म्हणावा तर ट्रेल बॉस, तिचे दाणे मध्ये भोक असलेल्या चकत्यांसारखे असतात. पण त्यातही दुसरे काही मिसळलेले नाही हे कोण सांगणार?

नावांचा घोळही विक्रेते वापरून घेतात. एच११० आणि विंचेस्टर २९६ ही नावे वेगळी, वस्तू एकच. याउलट एच४८९५ आणि आयएमआर ४८९५ यांचा आकडा सारखा, पण पावडरी वेगळ्या आणि त्यांचे तक्तेही वेगळे. ‘४८९५ आहे, थर्टी-थर्टीला चालते’ असे कुणी म्हणाले तर पहिला प्रश्न विचारायचा, कुठली ४८९५? डबा दाखवता येत नसेल तर ती कुठलीच नाही.

आता गोळ्या. पिशवीत वरचा थर खरा होता: तांब्याचे आवरण, शिशाचे उघडे चपटे नाक, मध्ये क्रिम्पसाठी (पुंगळीचे तोंड गोळीवर आवळण्यासाठी) खाच. हात खालपर्यंत घातल्यावर वेगळेच निघाले. काही गोळ्या टोकदार, काहींच्या अंगावर पुलरच्या पकडीचे चरे, म्हणजे जुन्या काडतुसांतून उपटून काढलेल्या. लोहचुंबक लावला तर त्यांतल्या पुष्कळ चिकटल्या. कॅलिपरने व्यास भरला .३११ इंच, वजन १२३ ग्रेनच्या आसपास. हा ७.६२×३९ या लष्करी काडतुसाच्या गोळ्यांचा ताळा आहे. .३०-३० ला जॅकेटवाली गोळी .३०८ इंचाची लागते. शिशाच्या ओतीव गोळ्या .३०९ किंवा .३१० च्या घेतात, कारण मऊ शिसे नळीच्या खोबणीत दबून बसते. आवरणात पोलाद असलेली जाड गोळी त्याच नळीत ढकलली तर दाब वाढतो आणि नळी झिजते. ‘थर्टी कॅलिबर’ हा शब्द इतका ढिला आहे की त्यात हे सगळे खपवता येते. म्हणून विकत घेताना व्यास हजाराव्या भागापर्यंत विचारा आणि समोरच मोजा.

टोकाचा प्रश्न तर जिवाशी खेळ आहे. विंचेस्टर ९४ किंवा मार्लिन ३३६ मध्ये काडतुसे नळीखालच्या ट्यूबमध्ये एकामागे एक बसतात आणि प्रत्येकाचे टोक पुढच्याच्या प्रायमरवर (बार पेटवणाऱ्या तळाच्या टोपीवर) टेकते. बार काढल्यावर रायफलला धक्का बसतो, तेव्हा टोकदार गोळी फायरिंग पिनचे (प्रायमरवर आदळणाऱ्या खिळ्याचे) काम करू शकते आणि मॅगझीनमध्येच स्फोट होतो. म्हणून अशा रायफलला चपटे नाकच हवे. सॅव्हेज ९९ चे फिरते मॅगझीन, ब्राउनिंग बीएलआर आणि विंचेस्टर १८९५ यांचे बॉक्स मॅगझीन यांत टोकदार गोळी चालते. ‘लिव्हर-ॲक्शनला चालते’ असे म्हणणारा विक्रेता बहुधा यांतलीच एखादी रायफल डोळ्यांपुढे ठेवून बोलतो, नाहीतर काहीच डोळ्यांपुढे न ठेवता.

लाल टोकाच्या गोळ्यांबाबत विशेष सावध राहा. हॉर्नडीच्या एफटीएक्स गोळीचे टोक मऊ, दबणारे असते आणि ती ट्यूब मॅगझीनसाठीच बनवली आहे. पण त्याच कंपनीच्या एसएसटीचे टोकही लाल, आणि ते कडक असते. सुट्या पिशवीत दोन्ही सारख्याच दिसतात. दोन गोष्टी तपासा. नखाने टोक दाबा, एफटीएक्सचे दबते. मग वजन करा: .३०-३० ची एफटीएक्स १६० ग्रेनची असते, .३०८ व्यासाच्या एसएसटी १५०, १६५, १८० ग्रेन अशा वेगळ्या वजनांत येतात. ताळा लागला नाही तर अख्खी पिशवी बाजूला ठेवा, निवडून वापरू नका. (.४५-७० या दुसऱ्या, मोठ्या काडतुसात एफटीएक्स भरायची तर पुंगळी नेहमीच्या २.१०५ ऐवजी २.०४० इंचांपर्यंत कापावी लागते. आधीच कापलेल्या पुंगळ्या कुणी साध्या म्हणून विकल्या तर तीही फसवणूकच, कारण नेहमीच्या एकूण लांबीला साध्या गोळीचा क्रिम्प खाचेवर बसत नाही.)

खाच कुठे आहे याला फार महत्त्व आहे. ट्यूबमधली स्प्रिंग आणि धक्का मिळून गोळीला पुंगळीत मागे ढकलतात. खाचेवर घट्ट रोल क्रिम्प नसेल तर गोळी आत सरकते, आतली जागा कमी होते आणि दाब चढतो. .३०-३० च्या काडतुसाची एकूण लांबी २.५५० इंचांपेक्षा जास्त चालत नाही, तर पुंगळीची मर्यादा २.०३९ इंच आहे. दुसऱ्या काडतुसाच्या गोळीची खाच भलत्या जागी असते. ती खाच धरून भरले की काडतूस एक तर लांब होऊन लिफ्टरवर (काडतूस वर उचलणाऱ्या भागावर) अडकते, नाहीतर गोळी गरजेपेक्षा खोल जाते.

तिसरी फसवणूक सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत घातक होती: पावडरसोबत फुकट दिलेला हाताने लिहिलेला तक्ता. त्यात .४५-७० च्या चार्जचे आकडेही होते, पण ते कोणत्या रायफलचे हे लिहिलेले नव्हते. .४५-७० हे १८७३ चे काडतूस आहे आणि मॅन्युअलमध्ये त्याचे तीन वेगळे विभाग असतात: जुन्या ट्रॅपडोअर रायफलसाठी, मार्लिन १८९५ सारख्या लिव्हरसाठी आणि रुगर नंबर वन सारख्या भक्कम सिंगल-शॉटसाठी. सामी या अमेरिकी मानक संस्थेची या काडतुसासाठीची मर्यादा २८,००० पीएसआय (दाबाचे एकक) आहे. तिसऱ्या विभागाचा चार्ज पहिल्या रायफलमध्ये गेला तर ती टिकणार नाही. .३०-३० ची मर्यादा ४२,००० पीएसआय आहे. इतक्या दाबाला प्रायमर चपटा होण्यासारखी लक्षणे दिसतीलच असे नाही, आणि ती दिसेपर्यंत मर्यादा केव्हाच ओलांडलेली असते. ‘थोडे थोडे वाढवत जा, लक्षणे बघ’ हा सल्ला म्हणूनच लिव्हर-ॲक्शनला लागू पडत नाही. विंचेस्टर ९४ चा बोल्ट मागच्या बाजूला लॉक होतो, ॲक्शनला किंचित लवचीकपणा असतो, पुंगळी ताणली जाते आणि तळाजवळ तुटते. आकडे पावडर कंपनीच्या चालू तक्त्यातूनच घ्या आणि सुरुवातीच्या चार्जपासून सुरुवात करा.

ऑनलाइन खोट्या दुकानांची पद्धत वेगळी आहे. २०२० नंतर प्रायमर आणि पावडरचा तुटवडा पडला तेव्हा ती फार फोफावली. फोटो खरे, भाव निम्मा, सगळे काही ‘इन स्टॉक’. पैसे झेल (बँक खात्यातून थेट पैसे पाठवायची सेवा), क्रिप्टो किंवा गिफ्ट कार्डने मागतात. ओळखण्याची पक्की खूण वाहतुकीत आहे: अमेरिकी टपाल खाते पावडर आणि प्रायमर नेत नाही. खरा विक्रेता ते खासगी कुरियरने रस्त्याच्या मार्गाने पाठवतो आणि घातक मालाचे वेगळे शुल्क लावतो. ‘शुल्क नाही, प्रायॉरिटी मेलने तीन दिवसांत’ असे लिहिले असेल तर ते दुकान अस्तित्वातच नाही. स्वतः काडतुसे भरून विकणाऱ्याला संघीय टाइप ०६ (काडतूस उत्पादकाचा) किंवा टाइप ०७ परवाना विचारा. असा धंदा करायला यांतला एक लागतोच.

या व्यवहारात पैसे झेलने दिले होते. ते स्वतःहून पाठवलेले असल्यामुळे बँकेने परत केले नाहीत. क्रेडिट कार्डाने दिले असते तर बिल निघाल्यापासून ६० दिवसांत लेखी वाद घालता आला असता. तक्रार स्थानिक पोलिसांकडे करा, आणि व्यवहार ऑनलाइन असेल तर एफबीआयच्या इंटरनेट गुन्हे तक्रार केंद्राकडेही. बरणी, लेबल, पिशवी आणि संदेशांचे फोटो आधी काढून ठेवा.

संशयित पावडर चांगल्या पावडरमध्ये मिसळू नका, दुसऱ्या डब्यात ओतू नका, कचऱ्यात टाकू नका. त्याच बरणीवर ‘वापरू नये’ असे ठळक लिहून थंड, कोरड्या जागी ठेवा आणि विल्हेवाटीसाठी अग्निशमन दलाला विचारा. उग्र, नाकाला झोंबणारा वास किंवा तांबूस धूळ दिसली तर पावडर कुजू लागली आहे. ती आपोआप पेटू शकते, त्यामुळे वाट पाहू नका. आणि भारतात जाताना ‘भावाला दाखवायला’ म्हणून थोडीही बॅगेत घालू नका. अमेरिकी विमानात पावडर हाताच्या किंवा चेक-इन सामानात नेता येत नाही, आणि भारतात १९५९ च्या शस्त्र कायद्याने परवान्याशिवाय काडतुसे भरणे गुन्हा आहे.