स्कूटी पेप प्लसवरून एरॉक्स 155 वर: वर्धा रोडवरचे एक वर्ष

माझी पहिली गाडी म्हणजे 2013 मध्ये घेतलेली टीव्हीएसची स्कूटी पेप प्लस. तेव्हा नागपुरात घर नरेंद्रनगरला आणि नोकरी सीताबर्डीला होती. जाण्यायेण्याचे मिळून बारा-तेरा किलोमीटर अंतर आणि वाटेत चौकाचौकाला सिग्नल, एवढ्यासाठी 87.8 सीसीचे इंजिन आणि त्याची जेमतेम पाच अश्वशक्तीची ताकद पुरून उरत असे. वजन शंभर किलोंच्या आत असल्यामुळे इतवारीच्या बोळातही ती जागच्या जागी वळवता येई, आणि बॅटरी बसली तरी किक मारून घरी आणता येई. 2024 च्या अखेरीस आमचे कार्यालय बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीत हलले आणि रोजचे अंतर एकदम पंचावन्न किलोमीटरवर गेले. मेट्रो खापरीपर्यंतच जाते, पुढे बुटीबोरी गाठायला पुन्हा वाहन लागतेच. दोन महिने हा प्रवास मी स्कूटीवरच केला आणि फेब्रुवारी 2025 मध्ये यामाहाची एरॉक्स 155 ही स्कूटर घेतली. आज तिच्यावर चौदा हजार किलोमीटर झाले आहेत. या काळात एक उन्हाळा, एक पावसाळा आणि एक हिवाळा पाहून झाल्यामुळे आता काही ठामपणे लिहिता येईल, असे वाटते.

गाडी बदलण्याचे कारण वेगाची हौस नव्हते. वर्धा रोड विमानतळ ओलांडल्यावर खऱ्या अर्थाने महामार्ग होतो, आणि जामठ्याच्या स्टेडियमपुढे तर मालट्रकच्या रांगाच लागलेल्या असतात. ताशी 50 किलोमीटर वेगाने चाललेल्या ट्रकला ओलांडायचे झाले, तर मागचे-पुढचे सुरक्षित अंतर धरून त्याच्यापेक्षा किमान वीस मीटर अधिक जावे लागते. स्कूटी मूठ पूर्ण पिळूनही 55 वर रेंगाळत असे, म्हणजे ट्रकच्या चाकांशेजारी चौदा सेकंद काढावे लागत, आणि तेवढ्यात मागून कर्णकर्कश हॉर्न सुरू होई. हाच वेग 70 असेल तर ते काम चार सेकंदांच्या आत उरकते. माझ्या दृष्टीने जास्त ताकदीच्या गाडीची सगळी किंमत या वाचलेल्या दहा सेकंदांत आहे, आणि ज्यांच्या रोजच्या वाटेवर हे दहा सेकंद येतच नाहीत त्यांनी पुढचा मजकूर जरा सावधपणे वाचावा.

एरॉक्सचे इंजिन 155 सीसीचे, चार व्हॉल्व्हचे आणि लिक्विड-कूल्ड (द्रवाने थंड होणारे) असून ते 8000 आरपीएमला (मिनिटाला इतके फेरे) 15 पीएस (म्हणजे जवळपास तितकीच अश्वशक्ती) ताकद आणि 6500 आरपीएमला 13.9 न्यूटन-मीटर टॉर्क (फिरवण्याचा जोर) देते. गाडीचे वजन 126 किलो आहे. म्हणजे जुन्या गाडीच्या तुलनेत वजन सुमारे एक तृतीयांशाने वाढले, ताकद मात्र जवळपास तिप्पट झाली. यामाहाच्या आर15 या मोटरसायकलमधील इंजिनाशी हे इंजिन नाते सांगते, आणि तिच्याप्रमाणेच यातही व्हीव्हीए नावाची सोय आहे. इनटेक व्हॉल्व्ह, म्हणजे हवा आत घेणारी झडप, उघडण्यासाठी दोन वेगळ्या आकारांचे कॅम (झडप दाबणारे फिरते उंचवटे) असतात. सुमारे 6000 आरपीएमपर्यंत एक काम करतो आणि त्यापुढे दुसरा सूत्रे हाती घेतो, त्यामुळे शहरात हळू चालवताना गाडी कुरकुरत नाही आणि वर गेल्यावर तिचा श्वासही कोंडत नाही. प्रत्यक्षात जाणवते ते असे, की 50 च्या वेगावरून मूठ पिळली तर गाडी क्षणभर विचार करते आणि मग एका दमात 70 गाठते. वर्धा रोडच्या दुमजली उड्डाणपुलावर चढताना मागे माणूस बसलेला असला, तरी वेग धरून ठेवण्यासाठी मूठ शेवटपर्यंत न्यावी लागत नाही. स्कूटीवर याच चढाला आपोआप शरीर पुढे झुकत असे, जणू त्याने तिला मदत होणार होती.

ब्रेकचा बदल मात्र मला इंजिनापेक्षाही मोठा वाटला. जुन्या गाडीला पुढे-मागे दोन्हीकडे ड्रम ब्रेक होते, इथे पुढे 230 मिलिमीटरची डिस्क आणि सिंगल-चॅनल एबीएस (जोरात ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊन घसरू न देणारी सोय) आहे. 125 सीसीपेक्षा मोठ्या दुचाकींना एबीएस कायद्यानेच बंधनकारक असल्यामुळे यात कंपनीचे वेगळे औदार्य नाही, पण शंभर-सव्वाशे सीसीच्या स्कूटरवरून येणाऱ्याला ही सोय पहिल्यांदाच मिळते, एवढे खरे. पावसाळ्यात बांधकामाची माती वाहून आलेल्या सिमेंट रस्त्यावर एकदा अचानक गाय आडवी आली, तेव्हा ब्रेकच्या दांड्यात जी थरथर जाणवली तिने मला रस्त्यावर आडवे होण्यापासून वाचवले. मागे अजूनही ड्रमच आहे आणि एबीएस फक्त पुढच्या चाकाला आहे, त्यामुळे मागचा ब्रेक जोरात दाबायची जुनी सवय सोडावी लागते. मला त्यासाठी पंधरा दिवस लागले.

पूर्वी चाके 10 इंची होती, आता 14 इंची आहेत, आणि मागचा टायर तर 140 मिलिमीटर रुंद आहे. सिमेंट रस्ता संपून जिथे पेव्हर ब्लॉक सुरू होतात, तिथली उंच कड आपल्या शहरात कोणाला ठाऊक नाही! तिरपी कड चढताना स्कूटीचे हँडल हातात झटका देत असे, तिथे ही गाडी सरळ निघून जाते. महामार्गावर शेजारून बस गेली तरी वाऱ्याच्या झोताने ती हलत नाही. मागचे शॉक अॅब्सॉर्बर मात्र कडक आहेत. गतिरोधकावरून जाताना वेग कमी केला नाही, तर हिशोब थेट पाठीच्या कण्याशी होतो. ज्यांना मणक्याचा त्रास आहे त्यांनी चाचणीच्या वेळी गुळगुळीत रस्त्याचा नाद सोडून मुद्दाम खराब रस्त्यावर गाडी न्यावी. मी ज्या शोरूममधून गाडी घेतली तिथे चाचणी म्हणजे शेजारच्या गल्लीला एक चक्कर, एवढाच प्रकार होता. हट्ट धरल्यावर त्यांचा माणूस मागे बसवून मला रिंग रोडपर्यंत जाऊ दिले.

नागपूरच्या उन्हाळ्याविषयी स्वतंत्रपणे लिहिणे भाग आहे. मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो, चौकात सिग्नलला थांबणाऱ्यांसाठी हिरव्या जाळ्या बांधलेल्या असतात, आणि नवतपात (मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) दुपारी दोन वाजता गाडी काढणे हे धाडसच असते. अशा उन्हात सलग पाऊण तास महामार्गावर चालवूनही इंजिनाचा जोर उतरल्याचे एकदाही जाणवले नाही, याचे श्रेय लिक्विड-कूलिंगला द्यावे लागेल.   कूलंटची (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची) पातळी महिन्यातून एकदा पाहायची, एवढी एक नवी जबाबदारी मात्र गळ्यात पडते. काळे सीट उन्हात तव्यासारखे तापते, त्यावर जाडसर दुपट्टा टाकण्याखेरीज कोणत्याही तंत्रज्ञानाजवळ उपाय नाही.

आता गमावलेल्या गोष्टींकडे येते. एरॉक्सला पायाजवळ सपाट जागा नाही, तिथे मोटरसायकलसारखा उंच कणा आहे आणि पेट्रोलची टाकीही त्याच्याच पोटात आहे. स्कूटर म्हणजे पायाशी ठेवलेले सामान, असे समीकरण ज्या घरात रुजले आहे, तिथे ही उणीव रोज बोचते. चक्कीवर न्यायची गव्हाची चुंगडी (पोते), कॉटन मार्केटमधून आणलेली संत्र्यांची पेटी, दिवाळीच्या सामानाच्या पिशव्या, हे सारे स्कूटीच्या पायाजवळ निमूट बसत असे. सीटखालची डिक्की 24.5 लिटरची आहे, म्हणजे ऐसपैसच म्हणायला हवी, आणि पूर्ण तोंड झाकणारे हेल्मेट त्यात मावतेही. पण डिक्कीत पोते मावत नाही. मागचे सीटही पुढच्यापेक्षा बरेच उंच आहे. साडी नेसून एका बाजूला पाय सोडून बसणाऱ्या माझ्या सासूबाईंनी पहिल्याच दिवशी निकाल दिला: "हे घोड्यावर चढणं मले जमत नाही बापा, तू आपली स्कूटीच काढ." सीटची उंची 790 मिलिमीटर आहे. माझी उंची पाच फूट तीन इंच असल्यामुळे सिग्नलला चवड्यांवरच गाडी तोलावी लागते, आणि उतारावर लावलेली गाडी मागे ओढताना 126 किलो म्हणजे काय ते नीट कळते. किकही नाही, म्हणून बॅटरीची हेळसांड परवडणार नाही.

खर्चाचा हिशोब असा. ऑन-रोड किंमत पावणेदोन लाखांच्या किंचित वर गेली. तेव्हा जीएसटी 28 टक्के होता. 22 सप्टेंबर 2025 पासून 350 सीसीपर्यंतच्या दुचाकींवर तो 18 टक्के झाला, तेव्हा सात महिन्यांची घाई मला बरीच महाग पडली. फारसे कोणी सांगत नाही अशी एक गोष्ट विम्यात दडलेली आहे. नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड-पार्टी विमा एकदम घ्यावा लागतो, आणि 75 ते 150 सीसीच्या गटाला त्याचा हप्ता कराव्यतिरिक्त 3,851 रुपये असताना 150 च्या पुढे तो 7,365 रुपये होतो. केवळ पाच सीसीने ही गाडी वरच्या गटात जाते. विमा शोरूमकडूनच घ्यावा असे बंधन नाही. मी बाहेरून घेतल्यावर तिथल्या चेहऱ्यांवरचे हसू थोडे मावळले, इतकेच.

अॅव्हरेज शहरात 38 आणि महामार्गावर 41-42 पडते, स्कूटी याच वाटेवर 48 देत असे. पेट्रोल लिटरला 104 रुपयांच्या आसपास धरले, तर रोजच्या प्रवासाला महिन्याकाठी सहाशे रुपये जास्त जातात. खरी अडचण पैशांपेक्षा 5.5 लिटरच्या टाकीची आहे. रिझर्व्हच्या आधी भरायची सवय असल्याने तिसऱ्या-चौथ्या दिवशी पंपावर रांग लावावी लागते. परवान्याबाबत अनेकांची गल्लत होते म्हणून सांगते, की गिअर नसलेल्या दुचाकीचा जुना परवाना या गाडीला चालतो.

ज्यांचा प्रवास शहरातल्या शहरात आहे, म्हणजे मानेवाड्याहून धरमपेठ किंवा सक्करदऱ्याहून सदर असा, त्यांना मी ही गाडी सुचवणार नाही. त्यांनी सुझुकी अॅक्सेस 125 पाहावी, आणि थोडा जास्त जोम हवा असेल तर टीव्हीएसची 9.38 पीएसची एनटॉर्क 125 पाहावी. दोन्हींत पायाजवळची सपाट जागा शाबूत आहे. महामार्गही आहे आणि चक्कीही आहे, अशा माझ्यासारख्यांसाठी सप्टेंबर 2025 मध्ये आलेली 149.7 सीसीची एनटॉर्क 150 हा विचार करण्याजोगा पर्याय आहे, कारण ती विम्याच्या खालच्याच गटात बसते आणि तिचा पायाजवळचा भागही सपाट आहे. मी खरेदी केली तेव्हा ती बाजारात असती, तर मी दोन्ही गाड्या चालवून पाहिल्याशिवाय पैसे मोजले नसते. विजेच्या स्कूटरचा विचार आमच्या इमारतीच्या वाहनतळात प्लग नाही, इथेच थांबला.

एक्सचेंजमध्ये स्कूटीचे आठ हजार देऊ केले होते. ते मी नाकारले. तिचा थर्ड-पार्टी विमा वर्षाला 714 रुपये अधिक कर इतकाच आहे, 531 रुपये भरून उच्च सुरक्षा नंबरप्लेटही बसवून घेतली आहे, आणि नोंदणीची पंधरा वर्षे 2028 मध्ये पूर्ण होतील. तोपर्यंत गव्हाची चुंगडी आणि सासूबाई तिच्यावरूनच जातील.