ओसीडीसाठी टीएमएस की टीडीसीएस?

ओसीडी म्हणजे मंत्रचळ, नको ते विचार आणि त्याच त्या कृती पुन्हा पुन्हा करायला लावणारा आजार. औषधं झाली, ईआरपी थेरपी (भीतीला सामोरं जाऊन ती कृती टाळायला शिकवणारी) झाली, तरी हात धुणं सुटत नाही, तेव्हा मेंदूला बाहेरून चेतना देणाऱ्या या दोन उपचारांचा विषय निघतो. दोन्हींत कापाकापी नाही, भूल नाही.

टीएमएसमध्ये डोक्यावर कॉइल ठेवून चुंबकीय स्पंदनं देतात. टकटक एवढी की कानात बोळे हवेतच. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २०१८ मध्ये ओसीडीसाठी डीप टीएमएसला (मेंदूत जास्त खोलवर पोचणारा प्रकार) परवानगी दिली. त्यामागच्या चाचणीत ३८ टक्के रुग्णांना ठळक फरक पडला. लुटुपुटीच्या उपचाराने ११ टक्क्यांना. डीप टीएमएसमध्ये सेशनआधी रुग्णाची भीती मुद्दाम चाळवतात, 'गॅस नक्की बंद केलास ना?' ऐकायला क्रूर वाटतं खरं.

टीडीसीएस साधं. डोक्यावर मिठाच्या पाण्यात भिजवलेले स्पंज, एक-दोन मिलिअँपिअर करंट, वीसेक मिनिटं, थोडी खाज. स्वस्त, पण ओसीडीसाठी पुरावा तोकडा. म्हणून परवडत असेल तर मी टीएमएसच म्हणेन. अर्थात फिट येत असतील किंवा डोक्यात धातू बसवलेला असेल, तर ते डॉक्टरांना आधी सांगायचं.

खरी अडचण सहा आठवडे जवळपास रोज जाण्याची. नेरुळहून ट्रान्स हार्बरने ठाणे गाठायचं, आणि लोकलच्या दांड्याला हात लावायचीच ज्याला धास्ती, त्याने? सोबतीला घरचं कुणीतरी लागतंच.