गवतावर गेलेली दोन चाके : ‘असेटो कोर्सा’ आठ महिने खेळल्यानंतर

गेले आठ महिने मी ‘असेटो कोर्सा’ हा शर्यतीचा गेम संगणकावर, टेबलाला आवळून बसवलेले स्टिअरिंग आणि पायाखालची पेडल घेऊन, जवळजवळ रोज रात्री खेळते आहे. कुनोस सिम्युलात्सिओनी या इटालियन संस्थेचा हा गेम २०१४ च्या डिसेंबरात पूर्ण स्वरूपात आला आणि त्यातल्या गाड्यांविषयी व दृश्यांविषयी आजवर भरपूर लिहून झाले आहे. मला लिहायचे आहे ते ट्रॅकच्या कडेच्या गवताविषयी, कारण गाडी चालवण्याबद्दल या काळात मला जे नव्याने उमगले, त्यातले बरेचसे त्या हिरव्या पट्ट्यावरच उमगले.

याआधी मी खेळलेल्या गेममध्ये गवत म्हणजे सरळसरळ दंड होता. १९९२ च्या ‘सुपर मारिओ कार्ट’मध्येही तेच आहे : रस्ता सोडून गवतावर गेले की वेग झपाट्याने खाली येतो, आणि मशरूम (क्षणभर वेग वाढवणारी खेळातली वस्तू) वापरले तर तेवढ्या क्षणापुरती त्यातून सुटका होते. त्या प्रकारच्या खेळासाठी ही योजना अगदी योग्य आहे, कारण आडवाटेने जाणाऱ्याला भिंत न उभारता अडवता येते आणि लहान मुलालाही नियम लगेच कळतो. मात्र त्यामुळे ‘गवतावर गाडी हळू होते’ हे समीकरण माझ्या डोक्यात पक्के बसले होते. पहिल्याच आठवड्यात उशिरा ब्रेक दाबून मी गवतावर गेले, तेव्हा गाडी आपोआप थांबेल अशी माझी खात्री होती. ती थांबली नाही. चाके जखडली, स्टिअरिंग हातात हलके पडले आणि गाडी कठड्यापर्यंत तशीच घसरत गेली.

गवत दोन वेगळ्या गोष्टी करते. ते टायरची पकड कमी करते आणि चाकांच्या फिरण्याला रोध वाढवते. या गेममध्ये प्रत्येक ट्रॅकसोबत पृष्ठभागांची एक साधी मजकुराची फाइल असते. मी उघडून पाहिलेल्या फाइलींत गवतापुढे घर्षणाचा आकडा ०.६ होता, म्हणजे डांबराच्या साधारण एक आणि त्यापेक्षा थोड्या कमी आकड्यांच्या तुलनेत बराच खाली. त्याखाली रोधाचा, टायरला चिकटणाऱ्या मातीचा आणि जमिनीच्या लहान लहान लाटांची उंची व लांबी सांगणारा असे वेगवेगळे आकडे असतात. हवेचा रोध बाजूला ठेवून कागदावर हिशेब केला, तर ताशी १०० किलोमीटर वेगावरून थांबायला १ घर्षणांकाच्या रस्त्यावर सुमारे ३९ मीटर लागतात आणि ०.६ च्या गवतावर सुमारे ६६ मीटर. म्हणजे पाय उचलून गाडी नुसती सोडली, तर गवतावर ती डांबरापेक्षा लवकर मंदावते. पण ब्रेक दाबला, तर डांबरापेक्षा उशिरा थांबते. ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी आहेत, हे पटायला मला महिना लागला.

खरी गंमत सुरू होते ती दोनच चाके बाहेर गेल्यावर. समजा, उजवी चाके गवतावर आणि डावी डांबरावर आहेत. नुसता थ्रॉटल (वेग वाढवणारे पेडल) सोडला, तर गवताच्या रोधामुळे नाक किंचित उजवीकडे, म्हणजे गवताकडे ओढले जाते. त्याच क्षणी ब्रेक जोरात दाबला, तर डांबरावरची चाके अधिक जोराने धरतात आणि गाडी डावीकडे गर्रकन फिरते. आपल्याकडे रस्त्याच्या साईडपट्टीवर चाक उतरल्यावर अनुभवी चालक ‘ब्रेक मारू नकोस, स्टिअरिंग ओढू नकोस’ असे का सांगतात, त्याचे कारण मला इथे हातांना कळले. गवतावर असताना परत येण्यासाठी स्टिअरिंग जास्त वळवून धरले, तर काहीच घडत नाही. मात्र पुढची चाके डांबराला लागताच सगळी पकड एकदम परत येते आणि गाडी ट्रॅक आडवा ओलांडून पलीकडच्या कठड्यावर जाते. गाड्यांचे स्वभावही इथे उघडे पडतात. अबार्थ ५०० या छोट्या गाडीत इंजिनाचा जोर पुढच्या चाकांना मिळतो, म्हणून ती गवतावर जोर दिल्यावर नुसती फिरत राहतात आणि नाक वळायचे नाव घेत नाही; मागच्या चाकांना जोर मिळणारी बीएमडब्ल्यूची जुनी ई-३० एम-३ तेवढ्याच जोराने मागून सुटते.

वेळेचे नुकसान मात्र गवतावर फारसे होत नाही, ते त्यानंतर होते. इटलीतल्या मोंझा ट्रॅकच्या दुसऱ्या लेस्मो वळणातून बाहेर पडताना कर्बपलीकडे (डांबराच्या कडेच्या उंचवट्यापलीकडे) दोन चाके गेली, तर हानी अर्ध्या क्षणाची वाटते. पण त्यापुढे आस्कारी या वळणापर्यंत लांबलचक सरळ पट्टा आहे आणि कमी झालेला वेग तिथवर सोबत येतो. सरासरी वेग २०० ऐवजी १९५ राहिला, तर एका किलोमीटरला जवळपास अर्धा सेकंद जातो. शिवाय टायरला माती लागलेली असते, म्हणून पुढच्या वळणात नेहमीच्या जागी ब्रेक लावणे धोक्याचे ठरते. डांबरावर काही अंतर गेल्यावर पकड पूर्ववत होते.

मूळ गेममध्ये पाऊस नाही, त्यामुळे ओल्या गवताची घसरण इथे शिकता येत नाही. पाऊस हवा असेल, तर याच संस्थेच्या २०१९ च्या ‘असेटो कोर्सा कॉम्पेटित्सिओने’कडे वळावे. घेणाऱ्यांना माझे आग्रहाचे सांगणे एवढेच की, हा गेम स्टिअरिंगनेच खेळावा. गवत लागल्याची पहिली वर्दी डोळ्यांना नाही, हातांना मिळते.

सध्या मी जर्मनीतल्या २०.८ किलोमीटरच्या नुरबुर्गरिंग नॉर्डश्लाइफ या ट्रॅकवर आहे. तिथे डांबर आणि कठडा यांच्यामध्ये बहुतेक ठिकाणी गवताची अरुंद पट्टी आहे, त्यामुळे विचार करायला अवकाशच मिळत नाही. चाक उतरले की मी स्टिअरिंग सरळ ठेवते, थ्रॉटल हळूहळू सोडते, ब्रेकला पाय लावत नाही आणि अगदी लहान कोनाने परत येते. जागा संपण्याआधी हे दर वेळी जमतेच असे नाही, पण पहिल्या महिन्यात ते एकदाही जमत नव्हते.