सर्व्हे ॲप ठीक आहे हो, पण ते व्यवसायाचं पान!! (3 स्टार)

पॉइंट देऊन सर्व्हे भरून घेणारी ॲप ढिगाने आहेत, त्यातलंच हे एक, नाव लिहीत नाही. मराठीत चालतं, हँग होत नाही, व्हाउचर वेळेवर येतं. प्रोफाइलमधलं व्यवसायाचं पान मात्र डोकं फिरवतं.

आधी विचारतात घरखर्चाला सगळ्यात जास्त पैसे कोण देतं आणि ती व्यक्ती काय काम करते, मग घरातल्या सगळ्यात शिकलेल्या पुरुषाचं शिक्षण आणि सगळ्यात शिकलेल्या बाईचं शिक्षण. ही मार्केट रिसर्चवाल्यांची आयसेक पद्धत, म्हणजे घरांचे सामाजिक-आर्थिक गट पाडायची पद्धत, यावरून घराला ए1 पासून ई3 पर्यंत 12 पैकी एक ग्रेड लागते. 2011 च्या पद्धतीत व्यवसाय काढूनच टाकला होता, कमावत्याचं शिक्षण बघायचे आणि फॅन, फ्रिज, टू-व्हीलर, एसी, शेतजमीन अशा 11 गोष्टींतल्या घरात किती आहेत ते मोजायचे. म्हणजे ईएमआयवर वॉशिंग मशीन आणलं की झाली ग्रेड वर! त्यामानाने आताचं बरं, आणि बाईचं शिक्षण धरतात हे तर मला फारच आवडलं.

पण ऑप्शन बघा ना. आमच्या आत्याबाई घरीच डबे करतात, हाताखाली दोन बायका, घर त्यांच्यावरच चालतं, आता त्या किरकोळ विक्रेत्या की 1 ते 9 कामगारवाल्या व्यावसायिक? स्वतःची रिक्षा असलेला कुठे बसतो, कुशल कामगारात की धंद्यात? निफाडचा द्राक्षबागायतदार आणि माणचा कोरडवाहूवाला, दोघांना एकच "शेतकरी" ऑप्शन दिलाय, हे कुणाला पटेल?

आणि रिव्ह्यूत सगळे ओरडतात ना की चार प्रश्न विचारून "आपण पात्र नाही" म्हणून हाकलतात, त्याचं कारण बऱ्याचदा हेच असतं, बऱ्याच सर्व्हेत ग्रेडनुसार कोटा असतो, तुमच्या ग्रेडची माणसं भरली की तुम्ही बाहेर. घरातलं कुणी जाहिरात, मीडिया किंवा मार्केट रिसर्चमध्ये असेल तरीही बहुतेक वेळा बाहेरच. फसवणूक नाहीये ती, पण मग निदान थोडे पॉइंट तरी द्या की, एवढी घरची माहिती घेता ती काय फुकट?

एक स्टार त्याचा कापला, दुसरा शेतकऱ्यांच्या ऑप्शनचा. व्यवसाय बदलला तर सेटिंगमध्ये जाऊन अपडेट करता येतो, ते बटण फार खाली लपवलंय, स्क्रोल करत राहा.