छापील पेपर, ई-पेपर, वेबसाइटचं प्रीमियम की सगळं फुकटच? बातम्यांसाठी पैसे कुठे घालावेत

बातम्या फुकट वाचायचे दिवस सरत आलेत हे काही नव्याने सांगायला नको. न्यूयॉर्क टाइम्सने २०११ मध्ये महिन्याला २० लेख फुकट, पुढे पैसे असं सुरू केलं तेव्हा आपल्याला वाटलं की हे तिकडचं फॅड आहे, आपल्याकडे कोण पैसे भरतंय. आणि आता मराठी साइटवरसुद्धा दोन परिच्छेद वाचून होत नाहीत तोवर 'पुढे वाचण्यासाठी लॉगिन करा' येतं. तर वर्षाला थोडे पैसे घालायची तयारी आहे पण कुठे घालावेत ते ठरत नाहीये, अशांसाठी हे लिहितोय. चारही पर्याय मी वापरलेत, त्यातले काही अजून चालू आहेत. फीचर्स, किती डिव्हाइसवर चालतं वगैरे सांगत बसत नाही, ते त्यांच्या पानावर असतंच.

फुकटापासून सुरू करू, कारण तिथे लोक समजतात त्यापेक्षा बरंच चांगलं काही आहे. बीबीसी मराठी २०१७ पासून आहे, २०२४ पासून ते काम कलेक्टिव्ह न्यूजरूम ही भारतीय कंपनी बघते, पण वाचकाला त्याने काही फरक पडलेला नाही, वाचायला पैसे लागत नाहीत आणि भाषा सरळ असते. मोठी बातमी समजून घ्यायला उत्तम, फक्त तुमच्या वॉर्डात पाणी का येत नाहीये हे तिथे कळणार नाही. शेतीवाडी, ऊसतोड, गावाकडचं जगणं वाचायचं असेल तर पत्रकार पी. साईनाथांची 'पारी' ही वेबसाइट, त्यातलं बरंच मराठीत आहे आणि सगळं मोफत. ते रोजचं नाही, पण जे येतं ते जमिनीवर जाऊन लिहिलेलं असतं. सकाळी सात वाजून पाच मिनिटांच्या आकाशवाणी पुण्याच्या प्रादेशिक बातम्या मी अजून ऐकतो. सरकारी आहे, मान्य, सरकारच्या विरोधातलं तिथे शोधू नका, पण दहा मिनिटांत आरडाओरडा न करता जिल्ह्याजिल्ह्यांचं सांगून मोकळे होतात.

आणि फुकटातला सगळ्यात दुर्लक्षित प्रकार म्हणजे मूळ कागद. लाडक्या बहिणीचंच घ्या. पहिला जीआर २८ जून २०२४ चा, त्यात वय २१ ते ६०, पाच एकरांची अट, अर्जाची मुदत १५ जुलै. आठवड्याच्या आत वय ६५ झालं, पाच एकर गेलं, मुदत ३१ ऑगस्ट झाली, पिवळ्या-केशरी रेशनकार्डवाल्यांना उत्पन्नाचा दाखला माफ झाला. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी सेतूच्या रांगेत उभ्या राहायला निघाल्या होत्या, कुणीतरी मोबाइलवर जुनी बातमी दाखवली होती म्हणून, आणि कार्ड केशरी. जीआरच्या साइटवरून कागद उतरवून त्यांना दाखवला, काम झालं. साइट हळू आहे, सर्च विचित्र आहे, पण प्रत्येक जीआरवर संकेतांक असतो तो टाकला की नेमका सापडतो. फक्त हे सगळं करायला वेळ लागतो आणि रोज कोण करणार. फुकटाची किंमत ती आहे, निवडायचं काम तुमच्यावर येतं.

छापील पेपराबद्दल थोडक्यात. घरात ज्येष्ठ मंडळी असतील तर प्रश्नच मिटला, घ्या. आमच्याकडे आईला तो हातात लागतो, शब्दकोडं, राशिभविष्य, निधन वार्ता या क्रमाने, मग बातम्या. एकच प्रत चौघं वाचतात, खाली वॉचमन वाचतो, शेवटी रद्दी, एवढी वसुली कशातच नाही. तक्रार एवढीच की पहिलं पान उलगडायच्या आधी जाहिरातींची दोन-तीन पानं बाजूला करावी लागतात आणि आमच्या पेपरवाल्याकडे पोरं टिकत नाहीत, त्यामुळे पावसाळ्यात पेपर कधी येईल, कोरडा येईल का ओला, सांगता येत नाही.

आता वेबसाइटचं प्रीमियम. इथे मी जरा जास्त बोलणार आहे, कारण माझा निर्णय इथेच झाला.

एका साइटचं (नाव नको) वार्षिक घेतलं होतं, पहिल्या वर्षी ऑफर होती. लेख खरंच चांगले होते, ते नाकारत नाही, दोन-तीन लेखकांसाठी मी आजही पैसे देईन. पण नीट बघाल तर आपल्याकडे बहुतेक वेळा कुलूप असतं ते विश्लेषणाला, मुलाखतींना, लेखांना. ताजी बातमी उघडीच असते, आणि ती फुकट असल्यामुळे क्लिकवर जगते, म्हणजे पैसे भरूनही 'नेमकं काय घडलं?' असल्या हेडिंगमधून तुमची सुटका नाही. मताला पैसे द्यायचे आणि बातमी मात्र तीच घाईची वाचायची, हे मला जरा उलटं वाटलं. तुमच्या साइटचं वेगळं असेल कदाचित.

पण एवढ्यावर मी बंद केलं नसतं. बंद केलं ते बदलणाऱ्या बातमीमुळे. मी सिंहगड रोडला राहतो. २५ जुलै २०२४ च्या पहाटे एकतानगरीत पाणी शिरलं तेव्हा खडकवासल्यातून विसर्ग ३५ हजार क्युसेकच्या घरात गेला होता, आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर प्रत्येक फॉरवर्डमध्ये वेगळा आकडा, म्हणून मी आपला पैसे भरलेल्या साइटवर जाऊन बघत होतो. सकाळी एक आकडा आणि एक वेळ होती. दुपारी तीच लिंक उघडली तर आकडा वेगळा, वेळ वेगळी, अधिकाऱ्याचं सकाळचं वाक्य गायब आणि हेडिंगच नवीन. वर फक्त 'अपडेटेड'. काय बदललं, का बदललं, आधीचं चूक होतं का, एक ओळ नाही. बरं, त्या दिवसात आकडे बदलणारच, पाणी कमी-जास्त सोडत होते, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण नंतर पाटबंधारे खातं आणि महापालिका यांच्यात वाद झाला तोच मुळी कुणी कुणाला किती वाजता कळवलं याच्यावर. आणि नेमकं तेच, सकाळी काय छापलं होतं ते, मला पैसे भरून परत बघता येत नव्हतं. हे एकदा डोळ्यात भरल्यावर मग सारखं दिसायला लागलं, निवडणुकीच्या बातमीत, भरतीच्या तारखांत, कुठल्या नेत्याच्या 'वक्तव्यात'. पॉपअप, नोटिफिकेशन, ऑटोप्ले व्हिडिओ हे सगळं मी सहन केलं असतं. हे नाही झालं.

बाहेर हे करतातच की. गार्डियनने १९९७ मध्ये वाचकांच्या तक्रारी बघायला रीडर्स एडिटर नेमला, द हिंदूने २००६ मध्ये नेमला, दुरुस्त्या नावानिशी, तारखेनिशी छापायला लागले. गार्डियनची साइट तर अजून पेवॉलशिवाय आहे, खाली देणगी मागतात, द्यायची तर द्या. म्हणजे कुलूप असणं आणि भरवसा असणं याचा थेट संबंध नाही. कुठलंही सबस्क्रिप्शन घ्यायच्या आधी त्या पेपराची दुरुस्ती कुठे येते, येते का, एवढं शोधून बघा. सापडली नाही तर पाकीट खिशातच राहू द्या, असं माझं आपलं मत.

राहिला ई-पेपर, म्हणजे छापील पान जसंच्या तसं स्क्रीनवर. दिसायला सगळ्यात मागासलेला प्रकार, मोबाइलवर दोन बोटांनी ताणून ताणून वाचायचं, टेक्स्ट मोड लावला तर कधीकधी जोडाक्षरं फुटतात, आणि रात्री काही घडलं तर सकाळपर्यंत त्यात काहीच नाही. पण छापलं ते छापलं. २६ जुलैचं पान आजही २६ जुलैचंच आहे, चूक असेल तर ती तिथेच आहे आणि दुरुस्ती आली तर ती दुसऱ्या तारखेच्या पानावर वेगळी सापडते. शिवाय बातमी पहिल्या पानावर होती की सातव्या पानाच्या कोपऱ्यात, हे दिसतं, आणि कुठल्या पेपराने काय दाबलं ते कळायला तेवढं पुरतं. मजकुराच्या वर बारीक अक्षरात 'जाहिरात' लिहिलेलंही दिसतं. २००९ च्या निवडणुकांनंतर पेड न्यूजवर, म्हणजे पैसे घेऊन बातमी म्हणून छापलेल्या मजकुरावर, प्रेस कौन्सिलच्या उपसमितीचा अहवाल आला होता, त्यात आपल्या महाराष्ट्रातल्या पेपरांचा विषय होताच, तेव्हा छापील म्हणजे सोवळं असंही नाही. पण तो प्रकार उघडकीला आला त्यातला मोठा भाग वेगवेगळ्या पेपरांत शब्दन् शब्द सारखा मजकूर छापलेला शेजारी शेजारी ठेवून. बदलणाऱ्या लिंकवर हे कसं करणार?

आणखी एक सोय, आवृत्त्या. सासर सांगलीचं आहे, सांगलीचं पान उघडता येतं, बायको ते पुण्याच्या आधी वाचते. ई-पेपरमधली कात्री वापरून बातमी कापली की तारीख, आवृत्ती, पान क्रमांक बहुधा खाली येतो, फॅमिली ग्रुपवर टाकली तर समोरच्याला लॉगिन मागत नाही. प्रीमियमची लिंक टाकून बघा, ज्याला पाठवाल तो 'उघडत नाहीये रे' म्हणणार. मात्र पूर्ण पीडीएफ फिरवू नका. लॉकडाऊनमध्ये ते फार चाललं, मे २०२० मध्ये दिल्ली हायकोर्टाने टेलिग्रामवरचे असे चॅनल काढायला सांगितले होते, आणि तसंही महिन्याला एका मिसळीच्या पैशात मिळतंय ते चोरून कशाला वाचायचं.

तर कोणी काय घ्यावं? तुम्ही शेअर बाजार, धोरण, परीक्षेची तयारी यासाठी वाचत असाल तर इंग्रजी साइटचं प्रीमियम कदाचित वसूल होईल, मी त्यात पडत नाही. स्पर्धा परीक्षावाली पोरं तर ई-पेपरच वापरताना दिसतात म्हणा. मिनिटामिनिटाची बातमी लागते त्यांनी फुकटात भागवावं, पैसे भरून ती जास्त खरी होत नाही. बाकी घरगुती वाचकाला मी एका मराठी पेपराचा ई-पेपर आणि जोडीला बीबीसी मराठी एवढंच सांगेन, आई-वडील घरी असतील तर छापील चालू ठेवून. दोन मराठी ई-पेपर घेण्यापेक्षा एक मराठी आणि एक इंग्रजी घ्या, दोघांचं एकाच बातमीवर पटत नाही तेव्हा मजा येते.

घेताना थेट वर्षाचं घेऊ नका, आधी महिन्याचं घ्या आणि जुनी पानं किती मागची उघडतात ते पहिल्याच दिवशी तपासा, काही ठिकाणी थोड्याच दिवसांची मिळतात आणि मग माझ्या वरच्या सगळ्या बोलण्याला अर्थ राहत नाही. पैसे यूपीआय ऑटोपेने भरले असतील तर भरल्या भरल्या ॲपमध्ये जाऊन मँडेट, म्हणजे आपोआप पैसे कापायची परवानगी, बंद करून टाका, चालू मुदत बहुतेक ठिकाणी संपेपर्यंत चालते. कार्डाने भरले तर ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने पैसे कापायच्या २४ तास आधी मेसेज येतो, तो ऑफरच्या मेसेजांत हरवू देऊ नका, ऑफरचं वर्ष संपल्यावरचा भाव बघून दचकायला होतं.