दुरून संगीताचा तास: व्हॉट्सअ‍ॅप, बँडलॅब, साउंडट्रॅप की ऑडॅसिटी?

संगीताचा शिक्षक एक आणि शाळा तीन. त्यातली एक नंदुरबार जिल्ह्यातल्या शहाद्यात, दुसरी सातपुड्यातल्या धडगावच्या वाटेवर. अशी गत असेल तर मधले तास ऑनलाइन घेण्यावाचून इलाज नसतो. मग मुख्याध्यापक विचारतात, कुठलं अ‍ॅप घ्यायचं? पण आधी पाहायला हवं ते मुलाच्या घरी काय आहे. घरात फोन एकच असतो आणि तो वडील शेतातून आल्यावर हाती लागतो. निवड इथूनच सुरू होते.

झूम किंवा मीटवर सगळ्यांनी मिळून गाणं होत नाही, हे आधीच मान्य करा. हवेतून 10 मीटर जायला आवाजाला साधारण 30 मिलिसेकंद लागतात, आणि एवढ्या उशिरापर्यंत माणसं एकमेकांना धरून गाऊ शकतात. व्हिडिओ कॉलचा उशीर याच्या कितीतरी पुढे जातो. मिनिटाला 120 मात्रांचा केरवा ताल धरला तर एक मात्रा अर्ध्या सेकंदाची. जाऊन-येऊन 250 मिलिसेकंद गेले की अर्धी मात्रा हुकली. त्यात झूमची गोंगाट गाळणारी सोय तानपुऱ्याला पंख्याचा आवाज समजते. 'ओरिजिनल साउंड' चालू केलं तर हे टळतं, पण प्रत्येक मुलाच्या फोनवर ते कोण करून देणार? शिवाय फुकटच्या झूमची बैठक 40 मिनिटांत संपते आणि त्यातली पहिली दहा "सर, ऐकू येस का?" यातच जातात. एकेका मुलाचा सूर तपासायला, शंका सोडवायला थेट तास चांगला. समूहगीतासाठी नको.

म्हणून रेकॉर्डिंग. मूल आपल्या सोयीने गातं, शिक्षक आपल्या सोयीने ऐकतो.

व्हॉट्सअ‍ॅपची व्हॉइस नोट सगळ्यांना येते. आजीलाही येते. फाइल अगदी लहान असते, त्यामुळे रेंज लागेल तेव्हा ती आपोआप निघून जाते. सातपुड्यातल्या पाड्यांसाठी हा गुण बाकी सगळ्या गुणांच्या वरचा. गळ्याचा सूर तपासायला हा आवाज पुरतो, तबल्याला पुरत नाही. बायाँचा, म्हणजे डाव्या हाताच्या डग्ग्याचा, घुमारा निम्मा मरतो आणि चाटीचा, म्हणजे तबल्याच्या कडेचा, खणखणीतपणाही बोथट होतो. वाद्य असेल तर फोनच्या रेकॉर्डरवर घेऊन फाइल पाठवायला सांगा.

पण व्हॉइस नोटची खरी अडचण वेगळी आहे. ती घेताना त्याच फोनवर सरांची पेटी वाजत राहत नाही. मूल काळी एकमध्ये (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुरात) सुरू करतं आणि दुसऱ्या कडव्याला भलतीकडेच पोचतं, लय तर आणखी पळते. अशा वीस नोटा एकावर एक ठेवून समूहगीत करायला बसलात तर रात्र जाईल.

बँडलॅब नेमकं हेच सोडवतं. शिक्षकाने पेटी आणि ठेका आधी टाकून ठेवायचा. मुलाने इअरफोनमध्ये तो ऐकत वर आपला ट्रॅक घ्यायचा. अ‍ॅप फुकट आहे, साध्या अँड्रॉइड फोनवर चालतं आणि ब्राउझरमध्येही उघडतं. शाळांसाठीची त्याची वेगळी आवृत्तीही फुकट आहे. तिच्यात वर्ग बाहेरच्या लोकांपासून बंद राहतो. साध्या अ‍ॅपला समाजमाध्यमाचं अंग आहे, म्हणून लहान मुलांसाठी शाळेचीच आवृत्ती घ्या. इअरफोन मात्र वायरचाच हवा. ब्लूटूथवर आवाज उशिरा पोचतो आणि मुलाचा दोष नसताना गाणं मागे पडतं. जळगावच्या बाजारात वायरचा इअरफोन स्वस्तात मिळतो. शाळेने डझनभर घेऊन ठेवले तरी हरकत नाही.

इथल्या खानदेशी शाळेला बँडलॅब सर्वांत शोभतं ते गुलाबाईच्या, म्हणजे मुलींच्या सणाच्या, गाण्यांसाठी. एकीने ओळ घ्यायची, बाकीच्यांनी उचलायची, मध्ये टिपऱ्या. घेणारीचा ट्रॅक आधी, मग झील धरणाऱ्यांचे, म्हणजे मागून ओळ उचलणाऱ्यांचे, शेवटी टिपऱ्या. भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत ही गाणी घरोघर म्हटली जातात, म्हणजे श्रावणात काम सुरू केलं तर वेळेवर तयार होतं. अ‍ॅपमधला मेट्रोनोम, म्हणजे लय मोजणारी टिकटिक, मात्र पाश्चात्त्य मोजणीचा असतो. केरवा त्यात सहज बसतो, पण सात मात्रांच्या रूपक तालाचे 3-2-2 असे खंड तो दाखवेलच असं नाही. त्यापेक्षा तबल्याचा खरा ठेका रेकॉर्ड करून टाका. मुलांनाही तोच कळतो.

साउंडट्रॅप हे बँडलॅबचंच श्रीमंत भावंड. स्टॉकहोमच्या या कंपनीला 2017 मध्ये गाणी ऐकवणाऱ्या स्पॉटिफाय कंपनीने घेतलं आणि 2023 मध्ये मूळ संस्थापकांकडे परत दिलं. एकाच गाण्यावर अनेकांनी एकत्र काम करण्याची सोय त्यात देखणी आहे. पण शाळांच्या योजनेला पैसे पडतात आणि त्या सोयीचा उपयोग स्थिर इंटरनेटवरच होतो. धुळ्या-जळगावातल्या संगणक कक्ष असलेल्या शाळेने विचार करावा. बाकीच्यांनी तो पैसा एका बऱ्या मायक्रोफोनवर घालावा.

ऑडॅसिटी हे आवाज कापण्या-जुळवण्याचं संगणकावरचं साधन, मुलांसाठी नाहीच. ते फोनवर चालत नाही. शिक्षकाच्या लॅपटॉपवर मात्र ते हवंच: फुकट, इंटरनेटशिवाय चालणारं, वीज गेली तरी बॅटरीवर काम सुरू. मुलांच्या फाइली जुळवणं, खरखर कमी करणं, आवाज सारखे करणं इथेच करायचं. व्हॉइस नोटची फाइल जुन्या आवृत्तीत थेट उघडत नाही, तिला वेगळी जोड बसवावी लागते. जुळवणीसाठी प्रत्येक मुलाला चार मात्रा मोजून एक टाळी वाजवायला सांगा, मग टाळीवर टाळी ठेवली की निम्मं काम झालं. जागाही लक्षात ठेवा. न दाबलेला स्टिरिओ आवाज मिनिटाला सुमारे 10 एमबी घेतो.

माझा कौल असा: दर आठवड्याच्या सरावाला व्हॉट्सअ‍ॅप, सहामाहीत एखाद्या समूहगीतासाठी बँडलॅब, शिक्षकाकडे ऑडॅसिटी. धडगावकडच्या शाळेत बँडलॅबचाही हट्ट धरू नका. तिथे शिक्षक जाईल त्या दिवशी फोनवर रेकॉर्ड करून आणणं जास्त खात्रीचं.

मुलांचे आवाज शाळेबाहेर टाकायचे असतील तर पालकांची लेखी परवानगी घ्या. 2023 च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती कायद्यात 18 वर्षांखालच्या सर्वांना मूल धरलं आहे. हे काम जूनमध्ये प्रवेशाच्या वेळीच उरकावं, कारण दिवाळीच्या तोंडावर कापूस वेचणीत पालक गाठणं कठीण.